सामूहिक दान आणि सामूहिक निवड : अमेरिकेतील महिला दानमंडळांची कार्यपद्धती

इ. स. २००१ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्याच्या सिनसिनाटी नगरात काही स्त्रियांनी एक साधा हिशेब मांडला. शंभर स्त्रियांनी प्रत्येकी एक हजार डॉलर एकत्र केले तर एक लक्ष डॉलर जमतात. ही रक्कम दहा ठिकाणी न वाटता नगरातील एकाच सेवासंस्थेला दिली, तर वर्षानुवर्षे पुढे ढकलावे लागलेले एखादे काम एका वर्षात उभे राहू शकते. या हिशेबातून वेंडी स्टील यांच्या पुढाकाराने ‘इम्पॅक्ट १००’ हे मंडळ निघाले. पहिल्या वर्षी १२३ स्त्रिया सभासद झाल्या, आणि २००२ मध्ये त्यांनी १,२३,००० डॉलरचे आपले पहिले अनुदान मॅकमिकन दंतचिकित्सालय या गोरगरिबांच्या दवाखान्यास दिले.

दंतचिकित्सेसारख्या गोष्टीला खासगी दानाची गरज का पडावी, हा प्रश्न भारतीय वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेत वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ ही शासकीय आरोग्यविमा योजना सुरू झाली, तेव्हा दातांचे नेहमीचे उपचार तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. निर्धनांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेतही प्रौढांच्या दंतोपचारांचा समावेश करावा की न करावा, हे प्रत्येक राज्याच्या इच्छेवर सोपविलेले आहे. परिणामी ज्याच्या पदरी विमा नाही, त्याला दुखरा दात घेऊन धर्मार्थ दवाखान्याच्या दारात उभे राहावे लागते. शासनाच्या योजनेत जिथे फट राहते तिथे स्वयंसेवी संस्था उभी राहते, आणि त्या संस्थेला भांडवली खर्चासाठी पैसा मिळणे सर्वांत कठीण असते. सिनसिनाटीतील स्त्रियांनी नेमके हे स्थान हेरले. मात्र ही निवड त्यांनी केली कशी, आणि शंभरावर व्यक्तींनी मिळून एक निर्णय घेण्याच्या या रीतीत कोणते गुण व कोणते दोष आहेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

अशा मंडळांना अमेरिकेत ‘गिव्हिंग सर्कल’ म्हणतात. मराठीत त्यांना दानमंडळ म्हणता येईल. महाराष्ट्रातील भिशीशी त्यांचे वरवर साम्य दिसते, कारण दोहोंतही ठराविक माणसे ठराविक रक्कम एका ठिकाणी जमा करतात. तथापि भिशीतील पैसा फिरून सभासदाच्याच हाती येतो आणि कोणाची पाळी केव्हा एवढाच तेथे प्रश्न असतो. दानमंडळातील पैसा परत येत नाही. त्यामुळे पाळी ठरविण्याऐवजी पात्र ठरविण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि चिठ्ठी टाकून तो सुटत नाही.

या मंडळांचा पूर्वेतिहास सांगताना अमेरिकन लेखक सामान्यतः ‘ज्युनियर लीग’चा उल्लेख करतात. १९०१ मध्ये न्यूयॉर्क येथे रेल्वेउद्योगातील धनाढ्य ई. एच. हॅरिमन यांची कन्या मेरी हॅरिमन हिने, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ही संघटना स्थापिली. शहराच्या पूर्व भागातील स्थलांतरितांच्या वस्तीत चालणाऱ्या सेवाकेंद्रांना मदत करणे हा तिचा उद्देश होता. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून विख्यात झालेल्या एलिनॉर रूझवेल्ट या तरुणपणी तिच्या सभासद होत्या आणि रिव्हिंग्टन रस्त्यावरील केंद्रात मुलींना व्यायाम व नृत्य शिकवीत असत. येथे पैशापेक्षा प्रत्यक्ष श्रमावर भर होता. या परंपरेतून स्त्रियांच्या एका मोठ्या वर्गाला सभा चालविणे, हिशेब तपासणे, संस्थेची पाहणी करणे यांचे जे शिक्षण मिळाले, त्याचे मोल अर्थातच कमी लेखता येत नाही.

परंतु मराठी वाचकाला याहून जवळचा एक पूर्वाधार आहे, आणि अमेरिकन ग्रंथांत त्याला मिळावे तेवढे स्थान मिळालेले नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या, आणि पुढील दोन वर्षांत त्यांनी अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी शाळा काढण्याची त्यांची योजना ऐकून डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिचा आधार म्हणजे गावोगाव निघालेली ‘रमाबाई मंडळे’. या मंडळांच्या सभासदांनी दहा वर्षे दरसाल वर्गणी देण्याचे वचन दिले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले ते या पैशावर. मोठ्या दात्याची एकरकमी देणगी नव्हे, तर अनेक स्त्रियांची लहान वर्गणी. एका वर्षाचा उत्साह नव्हे, तर ठराविक मुदतीची बांधिलकी. आणि पैसा एकाच कामावर केंद्रित करण्याचा निश्चय. आजच्या दानमंडळांची बहुतेक सारी लक्षणे त्यात आढळतात. एक मात्र आढळत नाही : ही मंडळे स्थानिक नव्हती. त्यांनी ज्या संस्थेची निवड केली ती समुद्रापलीकडे होती, आणि तिच्याविषयीचे त्यांचे ज्ञान रमाबाईंच्या वाणीवर व पत्रांवर अवलंबून होते.

याचा परिणाम पुढे दिसून आला. शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, या अटीवर हिंदू समाजातील सुधारकांनी सल्लागार म्हणून आपली नावे दिली होती. १८९० मध्ये सदन पुण्यास आले, आणि तेथील काही मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत असा बोभाटा झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. अखेरीस १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी आपला संबंध तोडला. रमाबाईंची बाजू अशी होती की कोणावरही सक्ती झालेली नाही, आणि आपल्या खोलीत आपण प्रार्थना करीत असता कोणी येऊन बसले तर दार लावून घेण्यास आपण बांधलेलो नाही. या वादातील न्याय-अन्यायाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पैसा बॉस्टनचा, काम पुण्याचे आणि अटीचा अर्थ लावण्याचे ठिकाण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी, अशी स्थिती झाली असता दात्यांना स्वतः जाऊन पाहण्याचा मार्ग व्यवहारतः बंद होता. असोसिएशनने रमाबाईंवर विश्वास कायम ठेवला. पण तो विश्वासच होता, पाहणी नव्हती. आजची महिला दानमंडळे आपले कार्यक्षेत्र एका नगरापुरते किंवा परगण्यापुरते का मर्यादित ठेवतात, याचे उत्तर या प्रकरणाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते.

आधुनिक दानमंडळांची मालिका सुरू होते ती १९९५ मध्ये सिॲटल येथे कॉलीन विलोबी यांनी स्थापिलेल्या ‘वॉशिंग्टन विमेन्स फाउंडेशन’पासून. तेथील मूळ योजना अशी की, प्रत्येक सभासदाने पाच वर्षे दरसाल दोन हजार डॉलर द्यावे. त्यातील निम्मी रक्कम सामाईक निधीत जावी आणि निम्मी सभासदाने स्वतःच्या पसंतीच्या संस्थेस द्यावी. या योजनेत शिक्षणाचा हेतू उघड होता. स्वतःच्या नावे मोठी रक्कम देण्याचा निर्णय ज्यांनी कधी घेतला नव्हता, अशा स्त्रियांना तो घेण्याचा सराव व्हावा, ही कल्पना तिच्या मुळाशी होती. ती अवास्तव म्हणता येत नाही. पतीच्या सहीवाचून विवाहित स्त्रीला कर्ज नाकारण्याची बँकांची रीत अमेरिकेत १९७४ च्या समान पतसंधी कायद्यापर्यंत बेकायदेशीर नव्हती. १९९५ साली पन्नाशीत असलेल्या स्त्रीचा सुरुवातीचा अर्थव्यवहार त्या जुन्या रीतीत गेलेला होता. सिनसिनाटीच्या मंडळाने प्रेरणा सिॲटलकडून घेतली, परंतु बांधणी अधिक सुटसुटीत केली : एक स्त्री, एक हजार डॉलर, एक मत. मूळ रचनेत सभासदाचा सारा पैसा अनुदानाकडे जातो. टपाल, छपाई, सभागृह यांचा खर्च निराळा उभारावा लागतो.

आता निवडीचा प्रत्यक्ष क्रम पाहू. मंडळाने कला व संस्कृती, शिक्षण, पर्यावरण, कुटुंब आणि आरोग्य अशी पाच क्षेत्रे ठरविलेली असतात. प्रत्येक क्षेत्रासाठी सभासदांतून एक समिती बसते. इच्छुक संस्था प्रथम आपल्या हेतूचे छोटे पत्र पाठविते. त्यातून निवडलेल्या संस्थांकडून सविस्तर अर्ज मागविला जातो. अर्जाबरोबर तपासलेले हिशेब, चालू अंदाजपत्रक, विश्वस्तांची यादी व करमुक्ततेचे प्रमाणपत्र जोडावे लागते. या शेवटच्या कागदाचे महत्त्व मोठे आहे. अमेरिकेत धर्मादाय देणगीवर आयकरात सूट देण्याची तरतूद १९१७ पासून आहे, आणि अंतर्गत महसूल संहितेच्या ५०१ (क) (३) या कलमाखाली मान्यता असलेल्या संस्थेलाच असे अनुदान निर्वेधपणे देता येते. त्यामुळे वस्तीतील चार बायकांनी नोंदणीवाचून चालविलेले पाळणाघर कितीही चांगले असले, तरी ते एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या आश्रयाखाली आल्याखेरीज विचारात घेतले जात नाही.

त्यानंतर येते ती पाहणी. समितीच्या सभासद संस्थेच्या जागी जातात, चालकांना व सेवकांना भेटतात. साऱ्या प्रक्रियेत हा टप्पा सर्वांत मोलाचा मानला पाहिजे. कागदावर ‘रुग्णवाहन’ असे लिहिलेली गाडी आवारात गंजत पडली आहे की रोज धावते, हे कागद सांगत नाही. हिशेबपत्रकात शिल्लक चांगली दिसते, परंतु ती शिल्लक एका दात्याने एका ठराविक कामासाठी बांधून दिलेली असते. उलट जिच्या पत्रकात तूट दिसते तिचा कारभार काटकसरीचा असून केवळ शासकीय हप्ता उशिरा आल्याने ती अडचणीत असते. असे भेद समोरासमोरच्या प्रश्नोत्तरांतूनच उलगडतात. समित्यांत बँकेत, शाळेत, रुग्णालयात, न्यायालयात काम केलेल्या स्त्रिया असतात, आणि व्यावसायिक ज्ञानाचा उपयोग येथे वेतनाविना होतो. ज्युनियर लीगच्या काळात स्त्री आपला वेळ देत असे; येथे ती वेळ, पैसा व व्यवसायबुद्धी या तिन्हींचा मेळ घालते.

प्रत्येक समिती आपल्या क्षेत्रातील एक अर्ज पुढे पाठविते. वार्षिक सभेत पाचही संस्थांचे प्रतिनिधी काही मिनिटे बोलतात, आणि सर्व सभासद मतदान करतात. सर्वाधिक मते मिळालेल्या संस्थेस मुख्य अनुदान मिळते. सभासदसंख्या वाढली की अनुदानांची संख्या वाढते, रक्कम मात्र एक लक्षाच्या खाली सहसा उतरत नाही. फ्लोरिडातील पेन्साकोला येथे २००३ साली स्थापन झालेल्या मंडळाची सभासदसंख्या पुढे हजाराच्या वर गेली. तेथे एका वर्षात दहाहून अधिक संस्थांना अशी अनुदाने देणे शक्य झाले.

याच काळात दुसरी एक, कितीतरी जलद रीत पुढे आली. मिशिगनमधील जॅक्सन या गावी कॅरन डनिगन यांनी २००६ मध्ये शंभरावर स्त्रियांना एका तासासाठी एकत्र बोलाविले. तेथील आरोग्यकेंद्राला नवजात बालकांसाठी पाळणे हवे होते. प्रत्येकीने शंभर डॉलर दिले, आणि तासाभरात दहा हजारांहून अधिक डॉलर जमले. यातून निघालेल्या ‘हंड्रेड विमेन हू केअर’ मंडळांची पद्धत अशी : वर्षातून चार सभा, प्रत्येक सभेत सभासदांनी सुचविलेल्या संस्थांच्या नावांतून तीन चिठ्ठ्या काढावयाच्या, सुचविणाऱ्या सभासदाने काही मिनिटे बोलावयाचे, लगेच मतदान, आणि सर्वांचा पैसा विजयी संस्थेस. येथे अर्ज नाही, समिती नाही, पाहणी नाही. सिनसिनाटीच्या रीतीत अर्धे वर्ष लागणारे काम येथे एका तासात उरकते. व्यवसाय व संसार सांभाळणाऱ्या स्त्रीला ते सोयीचे आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु संस्थेचे भवितव्य प्रथम चिठ्ठीवर आणि नंतर तिची बाजू मांडणाऱ्या सभासदाच्या वक्तृत्वावर सोपविले जाते, हेही तितकेच खरे. रक्कम लहान असल्याने जोखीमही लहान, एवढेच तिचे समर्थन करता येते.

आता मतदानाकडे वळू, कारण या पद्धतीचा कच्चा दुवा तेथेच आहे. समजा, शंभर सभासदांपुढे पाच प्रस्ताव आहेत : दवाखाना, ग्रंथालय, नदीकाठची वनराई, नाट्यशाळा व निराधार कुटुंबांचे आश्रयस्थान. मते पडली ती अनुक्रमे २८, २४, १८, १६ व १४. दवाखाना विजयी ठरतो. पण ७२ सभासदांची पहिली पसंती तो नव्हता. त्या ७२ जणींपैकी बहुतेकींना दवाखान्यापेक्षा ग्रंथालय अधिक पसंत असणे अगदी शक्य आहे, आणि तसे असेल तर दोघांच्या सरळ लढतीत ग्रंथालयच जिंकेल. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात बोर्दा व काँदॉर्से यांनी हा दोष दाखवून दिला होता. १९५१ मध्ये केनेथ ॲरो यांनी असे सिद्ध केले की तीन वा अधिक पर्याय असता काही साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळणारी पसंतीक्रमाची कोणतीही निर्दोष रीत असू शकत नाही. म्हणजे दोष टाळता येत नाही. कोणता दोष पत्करावयाचा एवढेच ठरविता येते. क्रमवार पसंती घेणे, पहिल्या दोहोंत पुन्हा मतदान घेणे, असे उपाय सुचविता येतात. पहिल्याने गणना किचकट होते आणि दुसऱ्याने सभा लांबते. शिवाय येथे आणखी एक अडचण आहे. दवाखाना आणि नाट्यशाळा यांना एकाच मापाने मोजावयाचे कसे? वेदनेने विव्हळणाऱ्या रुग्णाची कथा व्यासपीठावर सांगितली गेली की नदीकाठच्या झाडांची कथा फिकी पडते. पाच क्षेत्रांतून प्रत्येकी एक प्रस्ताव अंतिम फेरीत आणण्याचा नियम या कलाला आळा घालण्यासाठी आहे. पण तो दारापर्यंतच पोहोचवितो, आत नेत नाही.

मागणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी निराळे दिसते. सविस्तर अर्ज, पाहणीची तयारी, सभेतील निवेदन यांत लहान संस्थेच्या चालकांचे कित्येक दिवस खर्ची पडतात, आणि पाचांपैकी चौघांना मुख्य अनुदान मिळत नाही. काही मंडळांनी अंतिम फेरीतील इतर संस्थांना लहान रक्कम देण्याचा प्रघात पाडला आहे, तो या जाणिवेतूनच. उलट जिला अनुदान मिळते तिच्यापुढे दुसरा प्रश्न असतो. जिचा वार्षिक खर्चच दोन लक्ष डॉलर आहे, तिच्या हाती एकदम एक लक्ष आले तर इमारत उभी राहते, पण त्या इमारतीत काम करणाऱ्यांचे पुढील वर्षाचे वेतन कोण देणार? मंडळाचे पुढील वर्षाचे अनुदान दुसऱ्या संस्थेकडे जावयाचे असते. म्हणून ‘हा पैसा संपल्यावर काम कसे चालेल’ हा प्रश्न समित्या आग्रहाने विचारतात. त्याचे प्रामाणिक उत्तर पुष्कळदा ‘ठाऊक नाही’ असेच असते, आणि तसे उत्तर देणारी संस्था मागे पडते. रमाबाई मंडळांची दहा वर्षांची प्रतिज्ञा या दृष्टीने अधिक शहाणपणाची होती, असे म्हणावे लागते. शारदा सदनाला पुढील वर्षाच्या पगाराची विवंचना त्या मुदतीत निदान कमी होती.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांत अँजेला आयकेनबेरी यांचे नाव अग्रस्थानी आहे. त्यांचा दानमंडळे व लोकशाही यांवरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दानमंडळात सामील झालेल्या व्यक्ती इतरांपेक्षा अधिक दान करतात, अधिक विचारपूर्वक करतात आणि नगराच्या व्यवहारात अधिक भाग घेतात, असे त्यांच्या सहकार्याने झालेल्या पाहणीत आढळले. अर्थात मुळात उत्साही असलेल्या व्यक्तीच मंडळात येत असतील, ही शंका अशा पाहणीत पुरती फिटत नाही. आयकेनबेरी यांचा दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. दानमंडळात सभासदांमध्ये लोकशाही असते; परंतु ज्यांच्यासाठी पैसा जावयाचा, त्यांना मत नसते. दवाखान्यात येणारा रुग्ण मतदान करीत नाही. स्वेच्छेने एकत्र आलेल्या, बहुधा सारख्या आर्थिक स्थितीतील व्यक्तींचा गट नगराच्या गरजा ठरवू लागला, की शासनाने समतेने पार पाडावयाचे कर्तव्य पसंतीच्या कक्षेत जाते. हा आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. मात्र शासनाने मुळातच ज्या उपचाराकडे पाठ फिरविली आहे, त्याच्या बाबतीत तो कितपत लागू करावा, हे प्रत्येक उदाहरणात पाहावे लागेल.

मंडळांचा प्रसार मात्र वेगाने झाला आहे. २००७ च्या पाहणीत चारशेच्या वर दानमंडळे आढळली होती. २०१६ च्या पाहणीत ती एक हजाराच्या पुढे गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही संख्या सुमारे चार हजार, सहभागी व्यक्ती सुमारे ३,७०,००० आणि २०१७ ते २०२३ या काळातील एकूण दान ३.१ अब्ज डॉलर असा अंदाज दिलेला आहे. सर्वच मंडळे स्त्रियांची नाहीत. परंतु या सर्व पाहण्यांत स्त्रियांचे प्राबल्य स्पष्ट दिसते.

प्रवेशशुल्काचा प्रश्न या वाढीबरोबर पुढे आला. एक हजार डॉलर ही रक्कम शिक्षिकेला किंवा परिचारिकेला एका वर्षात बाजूला काढणे सोपे नाही, आणि जिला संस्थांच्या कामाचे सर्वांत जवळचे ज्ञान असावयाचे ती बहुधा याच वर्गातील असते. काही मंडळांनी दोन किंवा अधिक स्त्रियांनी मिळून एक सभासदत्व घेण्याची मुभा दिली; त्यांना मिळून एकच मत असते, आणि ते कोणी टाकावयाचे हे त्यांनी आपसात ठरवावयाचे असते. अन्यत्र वर्गणी मासिक हप्त्यांनी घेतली जाते. शंभर डॉलरची, त्याहूनही कमी वर्गणीची मंडळे अलीकडे निघाली आहेत. त्यांचे अनुदान लहान असते, आणि त्यातून दवाखाना उभा राहत नाही. दवाखान्याची खुर्ची घेता येते.